सत्तावन्न क्रमांकाचं कार्ड

बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या १९८६-८७ सालच्या फ्लीअर कार्डाचा विषय निघाला, की बोलणं लगेच किमतीवर जातं. कुठल्या लिलावात किती आले, कुणी किती मोजले, आज भाव काय आहे. मग ज्या वस्तूसाठी हा सगळा खटाटोप चालतो, ती वस्तू बघायची राहूनच जाते. हे कार्ड नीट बघावं असं आहे. खेळाडूंच्या कार्डांत याहून दुर्मीळ कार्डं पुष्कळ आहेत आणि याहून महाग विकली गेलेलीही आहेत. पण इतकं भरभरून बोलणारं कार्ड मला दुसरं माहीत नाही.

ज्यांनी लहानपणी बिग फनच्या बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवली आहेत, त्यांना ही वस्तू काय हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेत हा छंद त्याहून कितीतरी जुना. फ्लीअर ही फिलाडेल्फियाची मूळची बबलगमवाली कंपनी; ‘डबल बबल’ हा गम १९२८मध्ये तिच्याच एका हिशेबनिसानं, वॉल्टर डीमरनं, तयार केला. १९८६ साली तिनं एनबीए या बास्केटबॉल लीगच्या खेळाडूंचा १३२ कार्डांचा संच काढला. एका पाकिटात बारा कार्डं, एक स्टिकर आणि गमची कांडी, किंमत चाळीस सेंट. त्या संचात सत्तावन्नावा क्रमांक जॉर्डनचा.

कार्ड अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच. चित्रात जॉर्डन हवेत आहे. अंगावर शिकागो बुल्सचा लाल गणवेश, छातीवर २३. पाय फाकलेले, उजवा हात डोक्याच्याही वर, आणि त्या हातात चेंडू. प्रतिस्पर्धी त्याच्याखाली जमिनीवर राहिले आहेत. बास्केटबॉलच्या छायाचित्रांत डंकला तोटा नाही. एरवी ती छायाचित्रं चेंडू जाळीत कोंबल्याच्या क्षणाची असतात: रिंगला लोंबकळणारा खेळाडू, थरथरणारा बोर्ड, काम फत्ते. इथे तसं नाही. इथे चेंडू अजून हातात आहे. उडी घेऊन झाली आहे, पण ती संपलेली नाही. गुण मिळालेले नाहीत. छायाचित्रकारानं बटण दाबायला निमिषभर उशीर केला असता, तर एक चांगला डंक मिळाला असता आणि हे चित्र मात्र हुकलं असतं.

दुसरी गोष्ट लक्षात येते ती शरीराच्या ठेवणीची. फाकलेल्या पायांमुळे आकृती रुंद होते, वर गेलेल्या हातामुळे उंच होते. त्यामुळे एवढ्याशा आयतात मोकळी जागा फारशी उरतच नाही. कार्डाच्या मानाने खेळाडू मोठा वाटतो. चौकट त्याला पुरत नाही असं वाटत राहतं, आणि तरीही तो चौकटीत नेमका बसलेला आहे. हा ताण कुणी ठरवून आणला असेल असं वाटत नाही. हाती आलेल्या छायाचित्रांतून एक निवडलं गेलं, एवढंच. पण निवड अशी झाली, की पुढच्या कारकिर्दीत जॉर्डनची जी ओळख जगभर पसरली, हवेत थांबल्यासारखा वाटणारा माणूस, ती इथे आधीच येऊन बसली आहे.

चौकट लाल, पांढरी आणि निळी आहे. रंग अमेरिकेच्या झेंड्याचे, म्हणजे संचातल्या सगळ्या खेळाडूंना सारखेच. हिरव्या गणवेशातल्या बॉस्टनच्या खेळाडूंच्या कार्डांवर ही चौकट बाहेरून आणून लावल्यासारखी दिसते. जॉर्डनच्या कार्डावर मात्र गणवेशाचा लाल आणि चौकटीचा लाल एकमेकांना हाक देतात, आणि सगळं कार्ड एकाच हातानं रंगवल्यासारखं वाटतं. वर उजव्या कोपऱ्यात फ्लीअरची ‘प्रीमिअर’ अशी पिवळी खूण आहे. ती नसती तर लाल-निळ्याचा हा मेळ थोडा जड झाला असता. खाली नाव, संघ आणि जागा. शिकागो बुल्स, गार्ड. विशेषण एकही नाही.

विशेषण नाही, कारण ते लावावं असं तेव्हा कुणाला वाटलंच नव्हतं. इथे थोडा इतिहास सांगायला हवा. जॉर्डन एनबीएत आला तो १९८४ साली. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला हकीम ओलाजुवान, दुसरा सॅम बोवी आणि तिसरा जॉर्डन. हे कार्ड आलं तेव्हा त्याचा तिसरा मोसम सुरू होत होता. मग याला रूकी कार्ड, म्हणजे पदार्पणाचं कार्ड, का म्हणायचं? कारण मधली काही वर्षं बास्केटबॉलची कार्डं दुकानांतून जवळजवळ नाहीशी झाली होती. टॉप्स या मोठ्या कंपनीनं १९८१-८२च्या मोसमानंतर एनबीएकडे पाठ फिरवली. पुढे स्टार नावाच्या छोट्या कंपनीनं कार्डं काढली, पण ती संघवार, प्लास्टिकच्या बंद पिशव्यांतून, विक्रेत्यांमार्फत जात. पोराटोरांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट उचलावं अशी ती नव्हती. स्टारचं १९८४-८५चं एकशे एक क्रमांकाचं जॉर्डन कार्ड कालक्रमानं आधीचं आहे, आणि खरं रूकी कार्ड कुठलं यावर संग्राहकांचे वाद अजून मिटलेले नाहीत. वाद चालू राहो. सर्वांना सहज मिळेल अशा पाकिटातून आलेलं जॉर्डनचं पहिलं कार्ड हेच, आणि संग्राहकांनी मनानं कौल दिला तो यालाच.

या खंडामुळे फ्लीअरच्या संचाला एक विलक्षण श्रीमंती आली. चार-पाच वर्षांतले कितीतरी नवे खेळाडू एकाच संचात पदार्पण करून बसले: चार्ल्स बार्कली, पॅट्रिक युइंग, कार्ल मलोन, क्लाइड ड्रेक्सलर, आयझेया थॉमस, डॉमिनिक विल्किन्स. ओलाजुवानही आहे, त्या काळच्या ‘अकीम’ या स्पेलिंगनं. पण गंमत अशी, की हे कुणाला नको होतं. पाकिटं दुकानांत पडून राहिली. त्या काळचा संग्राहक बेसबॉलच्या मागे होता. आणि नेमक्या त्याच मोसमात, पाकिटं फळीवर धूळ खात असताना, जॉर्डननं ३०४१ गुण केले, सामन्यामागे ३७.१. एका मोसमात तीन हजारांचा टप्पा त्याआधी फक्त विल्ट चेंबरलेननं ओलांडला होता.

आता कार्ड उलटं करू या. मागची बाजू संग्राहक सहसा ओझरती बघतात. माझं मन मात्र तिथेच जास्त रेंगाळतं. तिथे जन्म, उंची, कॉलेज आणि एनबीएतली कामगिरी लाल-निळ्या छपाईत आहे. एनबीएच्या मोसमांच्या ओळी दोनच. पहिली १९८४-८५ची: ८२ सामने, २३१३ गुण. दुसरी १९८५-८६ची: १८ सामने, ४०८ गुण. त्या अठराच्या आकड्यापाशी थांबावं. दुसऱ्या मोसमातल्या तिसऱ्याच सामन्यात जॉर्डनच्या पायाचं हाड मोडलं आणि त्याचे ६४ सामने बुडाले. समोरच्या बाजूला जो माणूस हवेत आहे, त्याचाच पाय मागच्या बाजूला मोडलेला आहे. एकाच पुठ्ठ्याच्या दोन बाजू. हे कार्ड छापलं गेलं तेव्हा हा पाय किती साथ देईल, याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं.

जे आकड्यांत मावत नाही तेही इथे आठवतं. दुखापतीतून परतल्यावर २० एप्रिल १९८६ रोजी बॉस्टनमध्ये प्लेऑफच्या सामन्यात त्यानं ६३ गुण केले. दोन जादा डाव झाले आणि शेवटी बुल्स १३५-१३१ असे हरले. प्लेऑफचे आकडे नेहमीच्या मोसमात धरत नाहीत, म्हणून त्या चारशे आठमध्ये हे त्रेसष्ट नाहीत. सहा अजिंक्यपदांतलं पहिलं यायला अजून पाच वर्षं होती. समोरचं चित्र अर्ध्यावरचं, मागचा हिशेबही अर्ध्यावरचा. या कार्डाचं सौंदर्य मला यात दिसतं: दोन्ही बाजूंनी ते ‘अजून व्हायचं आहे’ एवढंच सांगतं.

आणि ते फक्त जॉर्डनबद्दल सांगत नाही. संचाची मांडणी आडनावांच्या वर्णक्रमानं आहे. जॉन्सन मंडळी संपली की जॉर्डन येतो, आणि अठ्ठावन्नावा क्रमांक क्लार्क केलॉगचा. इंडियाना पेसर्सचा केलॉग १९८२-८३ साली आला आणि पहिल्याच मोसमात त्यानं सामन्यामागे वीसहून अधिक गुण आणि दहाहून अधिक रिबाउंड अशी कामगिरी केली. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. हे कार्ड निघालं त्या मोसमात तो जेमतेम चार सामने खेळला आणि १९८७मध्ये त्याला खेळ सोडावा लागला. पुढे त्यानं समालोचक म्हणून नाव कमावलं. तीच चौकट, तीच पिवळी खूण, तोच कागद. एकाच्या पायानं साथ दिली, दुसऱ्याच्या गुडघ्यानं दिली नाही. १३२ कार्डं एका मोठ्या तावावर छापली जात आणि मग कापली जात; म्हणजे जितके जॉर्डन छापले गेले तितकेच केलॉग छापले गेले. छापखान्याच्या लेखी दोघे सारखे होते.

म्हणूनच हे कार्ड मुळात दुर्मीळ नाही. छत्तीस पाकिटांच्या खोक्यात हिशेबानं सरासरी तीन जॉर्डन निघायचे. दुर्मीळ आहे ती निर्दोष प्रत. ताव कापताना पातं जरा सरकलं की चित्र एका बाजूला जातं. संग्राहक याला सेंटरिंग बिघडलं म्हणतात. रंगीत कडा घासली की खालचा पांढरा कागद डोकावतो. पाकिटाच्या मेणाचा डाग पडतो, छपाईत ठिपका उमटतो. पीएसए ही संस्था कार्ड तपासून एक ते दहा अशी श्रेणी देते आणि ते प्लास्टिकच्या बंद पेटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, घालते. तिच्याकडे या कार्डाच्या वीस हजारांहून अधिक प्रती तपासून झाल्या आहेत, आणि पूर्ण दहाची श्रेणी मिळाली आहे ती तीनशेहून थोड्याच जास्त प्रतींना.

भावाचा सगळा खेळ या तीनशेंभोवती चालतो. २०२०मध्ये ‘द लास्ट डान्स’ हा जॉर्डनवरचा माहितीपट आला, साथीमुळे लोक घरात अडकलेले होते, जुन्या कार्डांवर उड्या पडल्या. जानेवारी २०२१च्या अखेरीस गोल्डिनच्या लिलावात दहा श्रेणीच्या दोन प्रती प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेल्या. तेव्हाच्या दरानं पाच कोटी रुपयांहून जास्त. वर्षभरात तोच भाव दोन लाख डॉलरच्या आसपास उतरला. कार्ड तेच होतं, चित्रही तेच होतं. ज्यानं ते चित्रासाठी घेतलं होतं त्याचं काहीच कमी झालं नाही.

आजची महागडी कार्डं वेगळ्या पद्धतीनं घडतात. २००३-०४मध्ये अपर डेक या कंपनीनं ‘एक्स्क्विझिट कलेक्शन’ काढलं. पाच कार्डांचं पाकीट पाचशे डॉलरचं. त्यात लेब्रॉन जेम्सचं सही केलेलं, गणवेशाचा तुकडा बसवलेलं रूकी कार्ड फक्त ९९ प्रतींत होतं, आणि त्याचीच एक आवृत्ती २३ प्रतींत. ती कार्डं देखणी आहेत, त्यांची किंमतही समजू शकते. पण आपण मौल्यवान आहोत हे त्यांना जन्मापासून ठाऊक आहे. फ्लीअरच्या कार्डाला ते ठाऊक नव्हतं. त्याला मोठं केलं ते त्याच्यावर छापलेल्या माणसानं, नंतर, मैदानावर.

हे कार्ड घ्यायचं मनात असेल त्यानं भिंग जवळ ठेवावं. या कार्डाच्या नकला अमाप आहेत, आणि नकला ओळखण्याच्या निमित्तानं का होईना, माणूस ते खरोखर बघायला शिकतो. भिंगाखाली जॉर्डनचा लाल सदरा विरघळतो आणि रंगीत ठिपक्यांची जाळी दिसू लागते. ऑफसेट छपाईतला लाल असा किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांच्या संगतीतून तयार होतो. पण ज्या रेषा आणि अक्षरं सलग शाईत छापलेली असतात, त्यांची कड भिंगाखालीही अखंड राहते. बहुतेक नकला मूळ कार्डाच्या छायाचित्रावरून केलेल्या असतात, म्हणून त्यांत रेषाही ठिपक्यांत फुटते. खऱ्याची ओळख अशी रेषेच्या कडेवर होते.

माझं मत विचाराल तर दहाच्या श्रेणीमागे धावण्यात अर्थ नाही. कोपरे थोडे झिजलेली, पण रंग टिकलेली आणि चित्र मधोमध बसलेली प्रत शोधावी. तीही स्वस्त नाही, पण रसिकाला जे हवं ते सगळं तिच्यात आहे. आणि तिच्याबरोबर संचातली इतर कार्डंही जमवावीत. केलॉगचं तर नक्कीच. ते अगदी किरकोळ पैशांत मिळतं. एकटं ठेवलेलं सत्तावन्न क्रमांकाचं कार्ड म्हणजे एका विजेत्याची तसबीर. एकशे एकतीस सोबत्यांमध्ये ठेवलं, की ते १९८६ साल होतं, जेव्हा यांतलं कोण कुठवर जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं आणि जॉर्डन त्या सगळ्यांतला एक होता. रूकी कार्ड जमवायचं ते त्या सालासाठी.