टॅबचे स्पेसमध्ये रूपांतर : एक चिकित्सा

प्रस्तावना : संगणकीय मजकुरातील टॅब हे चिन्ह टंकलेखन यंत्राकडून वारशाने आले. आस्की संकेतावलीत त्याचा क्रमांक ९, तर स्पेसचा ३२ आहे. दोन्ही पडद्यावर कोरी जागाच दाखवितात. परंतु त्यांचा अर्थ भिन्न आहे. स्पेस म्हणजे एक घर, तर टॅब म्हणजे 'पुढील थांब्यापर्यंत जा' ही आज्ञा होय. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास रूपांतर सदोष ठरते.

रूपांतराची रीत : प्रत्येक टॅबच्या जागी सरसकट आठ स्पेस घालणे ही नवशिक्याची रीत होय. तिच्यामुळे स्तंभ विस्कटतात. योग्य रीतीत ओळीतील स्थानाला थांब्याच्या रुंदीने भागून येणारी बाकी रुंदीतून वजा केली जाते व उरतील तितक्या स्पेस घातल्या जातात. तीन अक्षरांनंतर टॅब आल्यास पाच स्पेस, आठ अक्षरांनंतर आल्यास पुन्हा आठ. कर्निघन व रिची यांच्या सी भाषेवरील ग्रंथाच्या १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न 'डीटॅब' या स्वाध्यायाच्या रूपाने आला आहे. पायथॉनमधील 'एक्सपांडटॅब्ज' ही पद्धतीही हेच गणित करते आणि रुंदी न सांगितल्यास आठ धरते.

देवनागरीची कसोटी : ही पद्धती रोमन लिपीत निर्दोष वाटते, कारण तेथे बहुधा एक संकेत म्हणजे एक घर असते. देवनागरीत तसे नाही. 'पुणे' या शब्दात दोन अक्षरे, पण युनिकोडचे संकेत चार (प, उकार, ण, एकार). 'परळ' या शब्दात मात्र तीन अक्षरे व तीनच संकेत. पायथॉन ३ मधील 'एक्सपांडटॅब्ज' संकेत मोजते. त्यामुळे 'पुणे'नंतर चार व 'परळ'नंतर पाच स्पेस पडतात. प्रत्येक अक्षराला एक घर दिले, तर पहिला स्तंभ सहाव्या घरानंतर, दुसरा आठव्या घरानंतर संपतो. गणित अचूक असूनही तक्ता वाकडा होतो.

'युनिकोडडेटा' या मॉड्यूलच्या साहाय्याने उकार, एकार यांसारखी जागा न व्यापणारी चिन्हे मोजणीतून वगळता येतात. तथापि जोडाक्षरांची रुंदी फाँटवर अवलंबून असल्याने हा उपायही अपुराच राहतो.

अर्थहानी : रूपांतर नेहमी इष्टही नसते. टॅबने विभागलेल्या माहितीत टॅब हाच स्तंभांचा विभाजक असतो. त्याच्या जागी स्पेस आल्यास 'नवी मुंबई'मधील अंतर आणि दोन स्तंभांमधील अंतर यांतील भेद पुसला जातो व मूळ रूप खात्रीने परत मिळविता येत नाही. 'मेक' या साधनाच्या फाइलीत आज्ञेची ओळ एरवी टॅबनेच सुरू व्हावी लागते. तेथे स्पेस घातल्यास काम थांबते. उलट पायथॉनच्या आज्ञावलीत 'पेप ८' स्पेसचाच पुरस्कार करते.

निष्कर्ष : सारांश, हे रूपांतर केवळ दृश्य सोयीचे नसून अर्थनिर्णयाचे कार्य आहे. टॅब मांडणीसाठी आहे की माहितीचा भाग आहे, हे प्रथम ठरविले पाहिजे. मराठी मजकूर हाताळताना संकेतांची संख्या म्हणजे अक्षरांची संख्या हे गृहीतक सोडून देणे अपरिहार्य ठरते. प्रोग्रामिंगच्या वर्गात रोमन उदाहरणांच्या जोडीला देवनागरी उदाहरण दिल्यास ही मर्यादा विद्यार्थ्याला पहिल्याच तक्त्यात दिसेल.