प्रवासापूर्वींचे चार दिवस

लांबच्या प्रवासास निघालेला मनुष्य पहिला मुक्काम जुन्या मित्राच्या घरीं करतो, ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, प्रवासवर्णन लिहिणारे बहुतेक लेखक ती एका वाक्यांत उरकतात. वाचकांसहि त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. ज्यांस डोंगर आणि समुद्र पाहावयाचे आहेत, त्यांनीं मित्राच्या घरच्या चहाची हकीकत कां ऐकावी? परंतु प्रवाशाचा स्वभाव ह्या पहिल्या मुक्कामांत जितका उघड होतो, तितका पुढच्या शंभर कोसांत होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. इंग्रजी वाङ्मयांतील दोन प्रसिद्ध पुस्तकें ह्याची साक्ष देतात.

कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन १७७३ सालीं स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटें पाहण्यास निघाला, तेव्हां त्याचें वय ६३ वर्षांचें होतें. शरीर स्थूल आणि दृष्टि अधू. सोबती जेम्स बॉझ्वेल हा ३२ वर्षांचा वकील. दोघांचा स्नेह १७६३ पासूनचा. जॉन्सन १४ ऑगस्ट रोजीं एडिंबरोस बॉझ्वेलकडे आला, १८ तारखेस दोघे पुढें निघाले, आणि ८३ दिवसांनीं, ९ नोव्हेंबर रोजीं, त्याच घरीं परतले. प्रवास एक, पुस्तकें मात्र दोन. जॉन्सनचें १७७५ सालीं प्रसिद्ध झालें, बॉझ्वेलचें जॉन्सनच्या मृत्यूनंतर, १७८५ सालीं.

आरंभींच्या ह्या चार दिवसांविषयीं जॉन्सन जवळजवळ मौन धरतो. एडिंबरो सर्वांच्या परिचयाचें आहे, त्याचें वर्णन कशाला, अशा आशयाचें कांहीं म्हणून तो गाडी पुढें हांकतो. बॉझ्वेलच्या बुद्धीची व संभाषणाची तो मोकळ्या मनानें वाखाणणी करतो; पण मित्राचें घर, तेथील गृहिणी, तेथें मिळालेली खोली ह्यांविषयीं त्या आरंभांत अक्षर नाहीं. ह्यास कृतघ्नपणा म्हणतां येणार नाहीं. पहाडी टोळ्यांची मोडलेली सरदारकी, गरिबी, देश सोडून अमेरिकेस जाणारीं कुटुंबें, हे त्याचे विषय. आणि त्यांचा विचार त्यानें मोठ्या भारदस्तपणें केला आहे. शिवाय यजमानाच्या घरांतील गोष्टी चव्हाट्यावर मांडूं नयेत, असाहि एक सभ्यपणा असतोच.

बॉझ्वेलला हा सभ्यपणा ठाऊक नव्हता असें नाहीं. त्याला तो परवडत नव्हता. तो सर्व सांगतो. पाहुणा प्रथम खाणावळींत उतरला. नोकरानें मळकट बोटांनीं सरबतांत साखर टाकली, आणि संतापलेल्या पाहुण्यानें तें सरबत खिडकीबाहेर फेंकलें. मग दोघे हातांत हात घालून घराकडे निघाले. त्या काळीं त्या शहरांत रात्रीं खिडक्यांतून सांडपाणी रस्त्यावर टाकीत. त्या दुर्गंधीवर पाहुण्यानें यजमानाच्या कानांत कोटी केली, तीहि लेखकानें गाळलेली नाहीं. घरीं पत्नी मार्गारेट चहा तयार ठेवून वाट पाहत होती. तिनें आपली निजण्याची खोली पाहुण्यास दिली व आपण कमी सोयीच्या खोलींत गेली. गप्पा रात्रीं दोनच्या सुमारापर्यंत चालल्या. चार महिन्यांची मुलगी व्हेरॉनिका ह्या अवाढव्य पाहुण्याकडे झेंपावूं लागली, तेव्हां बापानें आनंदाच्या भरांत तिच्या वांट्यास ५०० पौंड अधिक लावण्याचें जाहीर केलें!

हा सगळा पाल्हाळ आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बेटांवर पुढें हाल सोसणारा, वाद घालणारा जॉन्सन जो आपणांस जिवंत दिसतो, तो ह्या सरबताच्या पेल्यामुळें आणि ह्या तान्ह्या मुलीमुळें. जॉन्सनच्या पुस्तकांत देश दिसतो. बॉझ्वेलच्या पुस्तकांत देश पाहणारा मनुष्य दिसतो. दोन्ही हवींत, पण दुसरें दुर्मिळ.

मात्र ह्या चार दिवसांच्या अखेरीस एक प्रसंग आहे, आणि तेथें आमचें बॉझ्वेलशीं पटत नाहीं. जॉन्सननें वाटेंतील धोक्यांच्या कल्पनेनें पिस्तुलांची जोडी आणली होती. मित्रानें समजावल्यावर ती त्यानें एका उघड्या खणांत ठेवली. त्याच खणांत स्वतःच्या आयुष्याच्या रोजनिशीची एक वही ठेवली, आणि सर्व मार्गारेटच्या हवालीं केलें. ती वही पुढें नष्ट झाली. बॉझ्वेल हळहळतो: बायकोनें कुतूहलानें तिची नक्कल करून घेतली असती, तर लोकहितासाठीं केलेली ती चोरी क्षम्य ठरली असती! पण बायको म्हणाली कीं, आपण त्या वहींत एकदांहि डोकावलों नाहीं.

वाचक म्हणून आम्हांसहि हळहळ वाटते. तें नाकारणें ढोंग होईल. परंतु ही बाई कोण, हें ध्यानांत घ्यावें. पाहुण्याविषयीं तिला फारसें प्रेम नव्हतें. मेणबत्ती नीट जळेना म्हणजे ती उलटी करून गालिच्यावर मेण सांडण्याची त्याची खोड बॉझ्वेलनेंच १७९१ च्या चरित्रांत नोंदली आहे. असा पाहुणा तिच्या नवऱ्यास तीन महिने दूर नेत होता. निरोपाच्या वेळीं ती अस्वस्थ दिसली, हें बॉझ्वेल लिहितो, आणि त्याच दमांत गाडी सुटते. आमच्याकडील कोणतीहि गृहिणी निघणाऱ्याच्या हातावर दहीं घालतांना हीच अस्वस्थता गिळीत आली आहे. तरीहि तिनें नावडत्या पाहुण्याचा विश्वास राखला. आणि आवडत्या मित्रानें, त्याच चरित्रांतील कबुलीप्रमाणें, जॉन्सनच्या दुसऱ्या दोन खासगी वह्या हातीं लागतांच त्यांतील पुष्कळ मजकूर वाचून काढला!

बॉझ्वेलच्या पुस्तकाचें खरें बळ कशांत आहे, हें तो स्वतः येथें विसरला. त्यानें प्रवासांत लिहिलेली रोजनिशी जॉन्सन वाटेंत वाचीत असे. ज्याचें चित्र काढावयाचें, तो चित्रकाराच्या खांद्यावरून पाहत होता. म्हणून त्या चित्रांतील अतिप्रसंगहि आम्हांस खटकत नाहींत. खणांतील वहीस असें अनुमोदन नव्हतें. ती उतरून घेतली असती, तर वाङ्मयास एक ग्रंथ अधिक मिळाला असता. पण जेथें प्रवासी आपली पिस्तुलें आणि आपलें मन निर्धास्तपणें ठेवून जातो, तें घर मात्र उरलें नसतें.

जॉन्सननें हें घर आपल्या पुस्तकांतून वगळलें, बॉझ्वेलनें तें रंगविलें, आणि मार्गारेटनें तें राखलें. तिनें पुस्तक लिहिलें नाहीं. पण दोघां लेखकांच्या मध्यें तिला बसविल्याशिवाय ह्या प्रवासाचें वाचन पुरें होत नाहीं, असें आमचें मत आहे.