नाव एक, आवृत्त्या अनेक : घरगुती वायरलेस राऊटरमधील हार्डवेअर-बदल आणि फर्मवेअरची विश्वसनीयता
(सुरगाणा तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना

ग्रंथाच्या संदर्भात ‘आवृत्ती’ हा शब्द मराठी अभ्यासकाला सुपरिचित आहे. ग्रंथाचे नाव तेच राहते, परंतु पाठ बदललेला असू शकतो; म्हणून कोणती प्रत प्रमाण मानावयाची हा प्रश्न उभा राहतो. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच प्रश्नाच्या पोटी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तिच्याही मुळाशी हाच प्रश्न होता. घरोघरी आणि शाळा-महाविद्यालयांतून वापरल्या जाणाऱ्या वायरलेस राऊटरच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न उपस्थित होतो. मात्र तो विचारण्याची सवय ना ग्राहकाला आहे, ना संस्थांच्या खरेदी समित्यांना. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा केली असून, तिचा भार सुरगाण्यासारख्या दुर्गम आदिवासी तालुक्यावर अधिक का पडतो हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना

राऊटर हा वस्तुतः एक छोटा संगणक आहे. त्यात प्रोसेसर असतो, चालू कामासाठी रॅम असते आणि कायमस्वरूपी साठवणीसाठी फ्लॅश मेमरी असते. या फ्लॅशमध्ये बसविलेली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. उत्पादक बाजारातील नाव व मॉडेल क्रमांक कायम ठेवून आतील चिप किंवा मेमरी बदलतो तेव्हा त्या बदलास ‘हार्डवेअर व्हर्जन’ असे म्हणतात. त्याची नोंद बहुधा राऊटरच्या तळाशी चिकटविलेल्या लेबलवर बारीक अक्षरांत असते. एका व्हर्जनचे फर्मवेअर दुसऱ्यात चालेलच असे नाही. चुकीचे फर्मवेअर चढविल्यास राऊटर कायमचा बंद पडू शकतो. याचा अर्थ असा की, मॉडेलचे नाव ही वस्तूची पुरेशी ओळख नाही.

तीन उदाहरणे

या प्रवृत्तीचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राऊटर. तो डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला. त्याच्या फर्मवेअरमध्ये लिनक्सचा वापर असल्याचे २००३ मध्ये उघड झाले आणि परवान्यातील अटींनुसार कंपनीस मूळ आज्ञावली खुली करावी लागली. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटीसारखे मुक्त प्रकल्प उभे राहिले. २००५ च्या अखेरीस आलेल्या पाचव्या व्हर्जनमध्ये मात्र रॅम १६ मेगाबाइटवरून ८ वर आणि फ्लॅश ४ मेगाबाइटवरून २ वर आणण्यात आली. लिनक्सच्या जागी कमी मेमरीत चालणारी व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली घालण्यात आली. या व्हर्जनच्या सुरुवातीच्या फर्मवेअरविषयी अस्थिरतेच्या अनेक तक्रारी झाल्या. खोक्यावरील नाव मात्र तेच होते. अनुक्रमांकाच्या आरंभीच्या अक्षरांवरून जाणकारालाच फरक कळत असे. विशेष म्हणजे जुनी क्षमता असलेला राऊटर कंपनीने त्याच सुमारास डब्ल्यूआरटी५४जीएल या वेगळ्या नावाने विक्रीस आणला. वेगळे नाव देणे शक्य होते, हे यातून सिद्ध होते. ते दिले गेले ते मात्र जुन्या वस्तूला, बदललेल्या वस्तूला नव्हे.

दुसरे उदाहरण भारतीय बाजारपेठेत विपुल आढळणाऱ्या टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८४१एन या मॉडेलचे. याची चौदापर्यंत व्हर्जने निघाली. तेराव्या व्हर्जनमध्ये ८ मेगाबाइट फ्लॅश व ६४ मेगाबाइट रॅम होती. चौदाव्यात ती अनुक्रमे ४ व ३२ झाली. क्रमांक वाढला म्हणजे वस्तू सुधारली, हा सर्वसामान्य समज येथे खोटा ठरतो. ओपनडब्ल्यूआरटीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २१.०२ या आवृत्तीपासून किमान ८ मेगाबाइट फ्लॅश व ६४ मेगाबाइट रॅमची अपेक्षा धरली. परिणामी एकाच नावाचे दोन राऊटर विकत घेणाऱ्यांपैकी नवे व्हर्जन घेणाऱ्याच्याच राऊटरचे संभाव्य आयुष्य तोकडे झाले.

तिसरे उदाहरण मराठी-कोकणी प्रदेशाशी अधिक निगडित आहे. डी-लिंकच्या भारतीय कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे. या कंपनीचा डीआयआर-६१५ हा राऊटर अनेक वर्षे छोट्या कार्यालयांतून दिसत असे. त्याच्या ‘सी’ व्हर्जनमध्ये अथेरॉसची चिप होती, ‘डी’मध्ये रॅलिंकची, तर ‘ई’मध्ये पुन्हा अथेरॉसची. चिप बदलली की तिच्यासाठीचे फर्मवेअर वेगळे करावे लागते, त्याच्या चाचण्या वेगळ्या होतात आणि दोषही वेगळे निघतात. जुन्या व्हर्जनविषयीचा चांगला अनुभव नव्याला लागू करणे म्हणूनच तर्कदुष्ट ठरते.

उत्पादकांची बाजू

हार्डवेअर-बदल हा मुळातच दोषास्पद आहे असे म्हणणे एकांगी ठरेल. चिपचे उत्पादन बंद होते, पुरवठा आटतो, किंमत बदलते. २०२० नंतरच्या चिपटंचाईने हे साऱ्या जगाला दाखवून दिले. काही बदलांनी उष्णता कमी होते व वीज वाचते. शिवाय डी-लिंक, टीपी-लिंक यांसारख्या कंपन्या संकेतस्थळावर व्हर्जननिहाय फर्मवेअर उपलब्ध करून देतात, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ही माहिती खरेदीनंतर उपयोगी पडते. खरेदीपूर्वी दुकानाच्या काउंटरवर ती हाती नसते. आक्षेप बदलाला नाही. बदल नावाआड झाकला जाण्याला आहे.

सुरगाण्याचा संदर्भ

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेला लागून असलेला सुरगाणा हा डोंगराळ, अतिपावसाचा व बहुसंख्येने आदिवासी तालुका आहे. नाशिकपासून सुरगाणा गाव रस्त्याने सुमारे ९० किलोमीटरवर आहे. २०२२ च्या अखेरीस रस्ते, आरोग्य, वीज यांच्या अभावाला कंटाळून तालुक्यातील सीमावर्ती गावांनी गुजरातमध्ये जाण्याची मागणी केली होती. त्या मागणीच्या राजकीय बाजूत न शिरताही मूलभूत सुविधांचा प्रश्न तेथे किती तीव्र आहे, हे त्यावरून ध्यानी येते. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, परीक्षा अर्ज ही सारी कामे आता ऑनलाइन झाली आहेत. अशा ठिकाणी शाळेतील अथवा सेवा केंद्रातील एकुलता एक राऊटर बंद पडणे ही केवळ गैरसोय राहत नाही. अर्जाची शेवटची तारीख हुकते.

येथे तांत्रिक मर्यादा आणि भौगोलिक वास्तव एकमेकांत गुंततात. पहिली बाब विजेची. फर्मवेअर अद्ययावत करताना फ्लॅशमधील जुना मजकूर पुसून नवा लिहिला जातो. त्या काही मिनिटांत वीज गेल्यास राऊटर निकामी होऊ शकतो. फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवण्याची सोय असल्यास हा धोका टळतो, परंतु त्यासाठी अधिक फ्लॅश लागते आणि स्वस्त व्हर्जनमध्ये कपात होते ती नेमकी तिचीच. दुसरी बाब गर्दीची. प्रत्येक जोडणीची नोंद राऊटर रॅममध्ये ठेवतो. घरातील चार मोबाइलसाठी पुरणारी ३२ मेगाबाइट रॅम प्रवेशाच्या दिवसांत चाळीस विद्यार्थ्यांना पुरत नाही. राऊटर अडखळतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. दोष मात्र बहुधा ‘रेंज’ला दिला जातो. तिसरी बाब दुरुस्तीची. शहरात दुसरा राऊटर तासाभरात मिळतो. सुरगाण्यात तो आणण्यासाठी एक दिवस आणि एसटीचे भाडे खर्ची पडते.

सुरक्षिततेचा प्रश्नही यापासून वेगळा नाही. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमवर मूळचा पासवर्ड न बदलल्याने दुष्ट आज्ञावलीचा हल्ला झाला होता. २०१९ मध्ये डी-लिंकच्या काही जुन्या मॉडेलांत गंभीर दोष आढळला, तेव्हा त्यांचा सेवाकाल संपल्याने दुरुस्ती देण्यात येणार नाही अशी भूमिका कंपनीने घेतली. वस्तू चालू आहे, पण तिची देखभाल संपली आहे, ही अवस्था ग्राहकाला कुठूनही कळत नाही.

कायद्यातील पोकळी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता, दर्जा व किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादक वा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष व कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. बिस्किटाच्या पुड्याला जे लागू ते राऊटरला लागू. परंतु राऊटरचे फर्मवेअर किती वर्षे अद्ययावत केले जाईल हे सांगण्याची सक्ती या नियमांत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सुरक्षाविषयक अद्यतनांचा किमान कालावधी जाहीर करणे बंधनकारक केले असून सर्वांना एकच सोपा मूळ पासवर्ड देण्यास मनाई केली आहे. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने पोर्टल सुरू झाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु फर्मवेअर हा दुरुस्तीचाच भाग आहे ही जाणीव अद्याप रुजावयाची आहे.

निष्कर्ष

एकंदरीत विचार करता, मॉडेलचे नाव हे ग्राहकाला दिलेले अभिवचन असते आणि अघोषित हार्डवेअर-बदल त्या अभिवचनाला तडा देतो. हा तडा दुय्यम वाटत असला तरी जेथे पर्याय कमी तेथे त्याची किंमत अधिक असते. कायदा बदलेपर्यंत महाविद्यालयांना एक गोष्ट निश्चित करता येण्याजोगी आहे. दरपत्रके मागविताना केवळ मॉडेलचे नाव लिहिले जाते आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते. त्याऐवजी हार्डवेअर व्हर्जन, फ्लॅश व रॅमची किमान मर्यादा आणि अद्यतनांचा कालावधी यांची अट घालावी. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये राऊटरच्या किमतीशेजारी त्याचे व्हर्जन व फर्मवेअर क्रमांक नोंदवावेत. अद्यतन करताना राऊटर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर ठेवावा. पोथी हाती घेताच ती कोणत्या शकातली, कोणी उतरविलेली हे पाहण्याची सवय या भाषेच्या अभ्यासकांना जुनी आहे. तीच सवय राऊटर उलटा करून त्याच्या तळाचे लेबल वाचण्यापर्यंत आणली, तर सुरगाण्यातील एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज वेळेत भरला जाण्याची शक्यता निश्चितच वाढेल.