‘जय भीम’मधला लाल झेंडा

‘जय भीम’ २ नोव्हेंबर २०२१ला प्राइम व्हिडिओवर आला, तेव्हा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तो नुसत्या नावासाठी लावला. आपल्याकडे दोन माणसं भेटल्यावर जे म्हणतात, ते तमिळ पोस्टरवर कसं, ही उत्सुकता. सिनेमात निळा झेंडा जवळपास नाहीच. दिसतो तो लाल. चंद्रू वकील पहिल्यांदा भेटतो तोही आंदोलनाच्या गर्दीत. हा लाल झेंडा सिनेमात नेमकं काय करतो, यावर मला बोलायचंय. कारण माझ्या मते टी. जे. ज्ञानवेल यांच्या या चांगल्या सिनेमाची सगळ्यात मोठी उणीव तिथेच आहे.

आधी चांगलं. सुरुवातीचा तुरुंगाबाहेरचा प्रसंग आठवा. सुटलेले कैदी रांगेत बाहेर येतात आणि प्रत्येकाला जात विचारली जाते. वरच्या जातीचा असेल तर घरी जा. खालच्या जातीचा किंवा आदिवासी असेल तर बाजूला उभा राहा, कारण पोलीस ठाण्यांना न उलगडलेले गुन्हे कुणाच्या तरी नावावर टाकायचेत. शिवीगाळ नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही. एक प्रश्न, दोन रांगा. व्यवस्था जात कशी वापरते हे इतक्या कमी वेळात सांगणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. दिवसभर ‘इफ-एल्स’ लिहिणाऱ्या माणसाला तर तो फारच झोंबतो.

पुढची कथा खऱ्या घटनेवर आहे. १९९३ साली कडलूर जिल्ह्यात चोरीच्या संशयावरून पकडलेला राजाकण्णू कोठडीतल्या मारहाणीत मेला, आणि पोलिसांनी तो पळून गेल्याचा बनाव रचला. सिनेमात तो इरुळर जमातीचा आहे, प्रत्यक्षात कुरवर समाजातला होता. त्याच्या बायकोसाठी के. चंद्रू यांनी मद्रास उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका चालवली. हेच चंद्रू पुढे त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाले.

पण ती बाई चंद्रूंपर्यंत पोचली कशी? सिनेमात तिला तिथे नेते मैत्रा, प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेणारी शिक्षिका. प्रत्यक्षात हा विषय आधी उचलला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी. मोर्चे, निवेदनं, चेन्नईच्या खेपा, साक्षीदारांना धीर देणं हे सगळं त्यांनी केलं. खटला पूर्ण तडीस लागेपर्यंत २००६ उजाडलं. म्हणजे तेरा वर्षं. सिनेमात या तेरा वर्षांचं होतं एक कोर्ट, एक वकील आणि काही मोर्च्यांचे शॉट. पक्ष मागे फडकत राहतो, पडद्यासारखा.

सूर्यासारखा स्टार असला की हे होणारच, असं कुणी म्हणेल. मान्य. पण यात फक्त श्रेयाचा प्रश्न नाही. दलित-आदिवासींना न्याय कसा मिळतो, याचं जे चित्र लाखो लोकांच्या मनात बसतं ते असं: योग्य वकील भेटला पाहिजे. ज्या गावात तो भेटणार नाही तिथे काय करायचं, हे सिनेमा सांगू शकत नाही, कारण ते काम त्याने दाखवलेलंच नाही.

उदाहरणार्थ, मदुराई जिल्ह्यातलं उथपुरम. १९८९च्या सुमाराला जातीय दंगलीनंतर तिथे दलित वस्ती आणि सवर्ण वस्ती यांच्यामध्ये सरळ भिंत बांधली गेली. ती जवळपास वीस वर्षं उभी होती. २००७ साली मार्क्सवादी पक्षाच्या पुढाकाराने तमिळनाडू अस्पृश्यता निर्मूलन आघाडी उभी राहिली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून अस्पृश्यता कुठल्या रूपात पाळली जाते याची नोंद करत होते: कुठे चहाचा वेगळा पेला, कुठे मंदिराची बंद पायरी. मे २००८मध्ये पक्षाचे सरचिटणीस प्रकाश करात उथपुरमला येणार हे ठरलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी प्रशासनाने भिंतीचा एक तुकडा पाडून वाट मोकळी केली. तुकडाच, अख्खी भिंत नाही. त्यावर बरीच सवर्ण कुटुंबं निषेध म्हणून गाव सोडून टेकडीवर जाऊन राहिली! दलितांना गावच्या मुथलम्मन मंदिरात जायला २०११ उजाडलं. यात कोर्टातला टाळ्यांचा संवाद कुठे टाकणार? हिरो कोण?

आता दुसरी बाजू, कारण पक्षाला हार घालून थांबणं सोपं आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या पक्षाला अस्पृश्यतेसाठी वेगळी आघाडी काढायला २००७ का लागलं? २५ डिसेंबर १९६८ला कीळवेनमणीत ४४ दलित शेतमजूर, त्यांच्या बायका-मुलं एका झोपडीत जाळली गेली. ते लाल झेंड्याच्या संघटनेतले होते, मजुरीवाढ मागत होते. पुढे उच्च न्यायालयातून जमीनदार सुटले. पक्षाने ही कहाणी वर्षानुवर्षं मुख्यतः मजुरीच्या लढ्याची म्हणून सांगितली. मेलेले दलितच का होते, हा प्रश्न दलित लेखक-कार्यकर्त्यांना पुन्हा पुन्हा विचारावा लागला. आणि मार्क्सवादी पक्षाच्या पॉलिट ब्यूरोत पहिला दलित सदस्य, रामचंद्र डोम, २०२२ साली आला. स्थापनेनंतर ५८ वर्षांनी.

हा ताण आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. कामगार एकजुटीची भाषा करणाऱ्या लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांनी नेमका याचाच जाब विचारला होता. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. भांडण आणि सोबत, दोन्ही खरं.

सिनेमात मात्र हे भांडण चंद्रूच्या घराच्या भिंतीवर मिटलेलं असतं. मार्क्स, आंबेडकर, पेरियार एकाच खोलीत सुखाने टांगलेले. शाळेत गांधी-नेहरूंच्या वेशातली मुलं बघून चंद्रू विचारतो की आंबेडकर कुठे आहेत. प्रश्न चांगला आहे, पण तो शाळेला विचारणं सोपं. मोर्च्यात शेजारी उभ्या असलेल्या कॉम्रेडला विचारला असता तर सिनेमा जड झाला असता आणि जास्त खराही.

एका प्रसंगात मात्र दिग्दर्शकाला हे जमलंय. वरून फोन आल्यावर पोलीस सेंगेणीला गाडीने घरी सोडायला तयार होतात. ती नकार देते आणि चालायला लागते. पोटुशी बाई, हाताशी मुलगी, मागून रेंगाळत येणारी पोलिसांची गाडी. लिजोमोल जोस काहीही बोलत नाही. वकील फ्रेममध्ये नाही. वस्तीतली माणसं दारात येऊन बघतात, आणि गाडीतल्या पोलिसांना त्यांच्यासमोरून तिच्या चालीने जावं लागतं.