आधी उपकरणाची परीक्षा, मग मातीची

मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. पत्रिकेत मातीच्या १२ घटकांचे आकडे असतात आणि त्यांवरून खतांची शिफारस केलेली असते. शेतकऱ्याच्या हाती असा कागद येणे स्वागतार्हच आहे. परंतु विज्ञानाचा दस्तऐवज म्हणून तो वाचला, तर आम्हांला त्यात एक मोठी उणीव दिसते. ज्या उपकरणाने मोजमाप झाले, ते त्या दिवशी बरोबर मोजत होते का, याविषयी पत्रिका काहीच सांगत नाही.

पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवतचे उदाहरण घेऊ. दौंड तालुक्याच्या या भागात कालव्याच्या पाण्यावर ऊस होतो. पाणी जास्त आणि निचरा कमी झाला, की काळी जमीन खारवट किंवा चोपण होण्याचा धोका असतो. सामू ८.५ च्या वर गेला की चोपणपणाची शंका घ्यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. मग पुढील तपासण्या होतात आणि गरज पडल्यास जिप्समचा खर्च येतो.

आता समजा, अशा एका मातीचा खरा सामू ८.७ आहे. सामूमापक ७ सामूच्या बफर द्रावणात बुडवला, आकडा ७ वर जुळवला आणि काम सुरू केले. फसगत येथेच होते. काचेचा इलेक्ट्रोड सामूच्या दर एककामागे २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५९ मिलिव्होल्ट दाब देतो. इलेक्ट्रोड जुना किंवा मळका झाला की हे प्रमाण घटते. ते ८० टक्क्यांवर आले तरी ७ चा आकडा बिनचूक जुळतो, कारण तेथे दाब जवळजवळ शून्यच असतो. मात्र ७ पासून १.७ ने दूर असलेली माती त्याला १.३६ नेच दूर दिसते. पत्रिकेवर सामू येतो ८.३६, आणि चोपण होऊ लागलेली जमीन निरोगी ठरते!

यावरचा उपाय शाळेतही करून पाहता येईल. ३.८१ ग्रॅम शुद्ध, स्फटिकरूप टाकणखार उकळून थंड केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून १ लिटर द्रावण करा. २५ अंशांना त्याचा सामू ९.१८ असतो. ७ वर जुळवलेला मापक त्यात बुडवा. वरचा दुबळा इलेक्ट्रोड येथे ८.७४ दाखवील, म्हणजे मातीला हात लावण्याआधीच त्याचा आजार कळेल. विद्युत वाहकता मोजणाऱ्या मापकासाठी लिटरमध्ये ०.७४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण वापरावे. २५ अंशांना वाचन १.४१ डेसीसीमेन प्रति मीटर यायला हवे.

अनेक प्रयोगशाळा अशी तपासणी नेमाने करीतही असतील. पण कागदावर नोंद नसल्यामुळे तपासणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या प्रयोगशाळांच्या पत्रिका सारख्याच दिसतात. आमच्या मते पत्रिकेत एक ओळ वाढवावी: तपासणीची तारीख, प्रमाण द्रावणाचा माहीत असलेला आकडा आणि उपकरणाने दाखवलेला आकडा.

हीच ओळ विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीतही हवी. आपण गुण देतो ते निरीक्षणाला आणि निष्कर्षाला. त्यांतले थोडे गुण उपकरणाच्या तपासणीला दिले, तर उद्या हेच विद्यार्थी पत्रिका हाती आल्यावर प्रयोगशाळेला विचारतील, "आकडा समजला, पण यंत्र कधी तपासले होते?"