‘ध्व.’ या खुणेचा विचार

‘महाराष्ट्र शब्दकोशां’त (१९३२–१९३८) ध्वनीच्या अनुकरणावरून झालेल्या शब्दांपुढें ‘ध्व.’ अशी खूण आढळते, मोल्स्वर्थच्या कोशांतही (१८३१, दुसरी आवृत्ति १८५७) अशाच अर्थाचे शेरे आहेत. शब्द जतन केल्याबद्दल या कोशकारांचे उपकार मोठे. परंतु ही खूण दिसतांच व्युत्पत्तीचा शोध संपला असें समजण्याची जी चाल पडली आहे ती आमच्या मतें घातक आहे.

आषाढांत टाकव्याहून खांडी-कुसूरकडे आंदर मावळांत जाणाऱ्यास डोंगरावरून ठिकठिकाणीं धबधबे उतरतांना दिसतात. ‘धबधबा’ हा शब्दच मुळीं अनुकरणाचा. पण आतां तें साधें नाम झालें असून बोलणाऱ्यास त्यांतला आवाज ऐकूं येत नाहीं. दगडांवरून धांवणारा ओढा खळखळतो, भातखाचरांतलें पाणी झुळझुळ वाहतें. येथें अनुकरण सहज पटतें. परंतु त्याच दरींतल्या पावसास आपण भुरभुर म्हणतों तेव्हां आवाज कोणता? व्याकरणांतून ‘अनुकरणवाचक’ म्हणून गडगडाट, कडकडाट यांच्या पंक्तीस तुरुतुरु, रखरखीत, गुटगुटीत हे शब्द बसविलेले असतात. गुटगुटीत मुलाचा ध्वनि कोणी ऐकला आहे काय? घाट ध्वनिशब्दांचा, अर्थ मात्र डोळ्यांचा वा स्पर्शाचा. हा वर्ग निराळाच मांडला पाहिजे.

शिवाय खऱ्या ध्वनीचें अनुकरणही भाषेच्या सांच्यांतूनच होतें. पावशा पक्ष्याची हांक एकच. ती मराठी शेतकऱ्यास ‘पेरते व्हा’, हिंदी भाषिकास ‘पी कहाँ’ आणि इंग्रजास ‘ब्रेन फीव्हर’ अशी ऐकूं आली. कडकन्, कडाडणें, कडकडाट हीं रूपेंही ठराविक प्रत्ययांनींच चालतात. असे शब्द हें आर्य व द्राविडी भाषांचें समाईक लक्षण असल्याचें प्रतिपादन एमेनो यांनीं १९६९ सालीं केलें. तेव्हां नुसतें ‘ध्व.’ लिहून शेजारच्या कानडीकडे न पाहणें आतां क्षम्य नाहीं.

हस्तलिखितांच्या संपादकांस तर यांत विशेष जोखीम आहे. द्विरुक्ति दाखविण्यास शब्दापुढें ‘२’ चा आंकडा घालण्याची जुनी चाल. त्यांत मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. ‘झुळ २’ असें आल्यास एकजण तो हिशेबाचा आंकडा समजेल, दुसरा ‘झुळूझुळू’ छापून मोकळा होईल. दोन्ही पाठ ‘झुळझुळ’ पासून दूर जातात, आणि पुढील कोशकार त्या छापील पाठावरूनच नवी नोंद करील. सबब बाड छापतांना ‘झुळझुळ’ असा उलगडा करावा, पण मूळचें ‘झुळ २’ तळटीपेंत जसेंच्या तसें ठेवावें.