स्थलदर्शनाच्या पायवाटा आणि त्यांचें प्रामाण्य : गिरगांव, वाळकेश्वर व परळ यांच्या निमित्तानें

हातांत लहानसें पुस्तक किंवा नकाशा घेऊन, वाटाड्या सोबत न घेतां, आपल्याच पायांनीं जुन्या मुंबईचें दर्शन घ्यावें, असा प्रघात अलीकडे पुष्कळ रूढ झाला आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पायीं हिंडणाऱ्यास गल्लीचा चढउतार कळतो, वाडीचें तोंड कोणत्या दिशेस आहे तें दिसतें, आणि घरांत बसून पोथी वाचणाऱ्यास न सुचणारे प्रश्न सुचतात. आपल्याकडे ही कल्पना अगदीं नवी नाहीं. क्षेत्रमाहात्म्यें हीं एका अर्थीं प्रदक्षिणेचीं मार्गदर्शक पुस्तकेंच होत. आणि मुंबईपुरतें बोलावयाचें तर गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं 'मुंबईचें वर्णन' लिहून, व पुढें आचार्य आणि शिंगणे या द्वयानें १८८९ त 'मुंबईचा वृत्तांत' लिहून, मराठी वाचकास हें शहर डोळसपणें पाहण्याचा मार्ग घालून दिला आहे.

परंतु हल्लींच्या स्थलदर्शक पत्रिकांचा कल माडगांवकरांपेक्षां माहात्म्यकारांकडे अधिक दिसतो, ही प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे. माहात्म्यांत स्थान, कथा आणि फलश्रुति हीं तिन्हीं एकाच सुरांत सांगितलीं जातात. श्रद्धाळू यात्रेकरूस तें पुरें होतें. इतिहासाच्या जिज्ञासूस पुरें होत नाहीं. न्यायशास्त्रानें प्रत्यक्ष, अनुमान व शब्द हीं प्रमाणें वेगळालीं मानिलीं आहेत. पायवाटेच्या प्रत्येक थांब्यावर यांपैकीं कोणतें प्रमाण लागू आहे हें सांगितलें नाहीं, तर वाचकाचे पाय दुखतात, पण ज्ञान वाढत नाहीं. तीन उदाहरणांनीं हें स्पष्ट होईल.

पहिलें उदाहरण वाळकेश्वराचें. बाणगंगेच्या कांठीं उभें राहून रामानें वाळूचें लिंग केल्याची कथा ऐकावयास मिळते, व तिच्याच जोडीस सध्यांचें देवालय रामा कामती या श्रीमंत शेणवी गृहस्थानें १७१५ त बांधविलें हेंही सांगितलें जातें. पहिली कथा आहे, दुसरा इतिहास आहे. वाचकास दोन्ही सारख्याच वजनानें मिळतात. त्याहून मोठा दोष असा कीं, रामा कामतीची हकीकत देवळाच्या पायरीशींच संपते. इंग्रजांच्या पदरीं मोठ्या विश्वासानें वागलेल्या या पुरुषावर कान्होजी आंग्र्यांशीं संधान बांधल्याचा आरोप येऊन १७२० सालीं गव्हर्नर बून याच्या कारकीर्दीत खटला झाला. त्याची मालमत्ता जप्त झाली, व १७२८ त तो कैदेंतच वारला. ज्या पत्रावर त्यास दोषी ठरविलें, तें बनावट असल्याचें पुढें उघडकीस आलें. देवालय पाहणाऱ्यास हें ठाऊक नसेल, तर त्यानें केवळ दगड पाहिले. एका माणसाच्या नांवावरील खोटा डाग धुवून काढण्याची जागा हीच आहे. आणि ती संधि आपल्या पत्रिका वायां घालवितात.

दुसरें उदाहरण गिरगांवच्या किनाऱ्याचें. चौपाटीवरून निघून वाड्यांतून फिरणाऱ्यास समुद्र पूर्वीं कोठें होता याची कल्पना दिल्याशिवाय नांवांचा अर्थ लागत नाहीं. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट हीं नांवें आज चाळींनीं गजबजलेल्या रस्त्यांचीं आहेत. पण 'वाडी' म्हणजे मूळची बाग व 'भाट' म्हणजे लागवडीची जमीन, हें ध्यानीं घेतलें कीं नांवच साक्ष देऊं लागतें. खोताची वाडी हें नांव तेथील खोत या पाठारे प्रभु जमीनदाराची आठवण ठेवितें, आणि त्या वाडींतील ख्रिस्ती घरांचे लाकडी सज्जे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली तें सांगतात. पश्चिमेस सोनापूरची स्मशानभूमि एके काळीं समुद्राजवळ होती. एकोणिसाव्या शतकांत किनाऱ्यालगत लोहमार्ग आला, विसाव्या शतकांत समुद्र हटवून मरीन ड्राइव्हचा रस्ता झाला, आणि स्मशान समुद्रापासून दुरावलें. हें अनुमानाचें क्षेत्र आहे. मात्र नांवावरून अनुमान करितांना आवर हवा. 'गिरिग्राम' यावरून गिरगांव ही व्युत्पत्ति मलबार टेकडीच्या पायथ्याशीं शोभते. पण संस्कृत जाणणारा मनुष्य प्रत्येक नांवास संस्कृत आईबाप शोधूं लागला कीं त्यास सांपडतातच, हा अनुभव प्रस्तुत लेखकानें स्वतःच्या तरुणपणींच्या टिपणांवरून घेतला आहे. तीं टिपणें त्यानें छापलीं नाहींत, याबद्दल त्यास समाधान वाटतें.

तिसरें उदाहरण परळचें; तें सर्वांत बोधप्रद आहे. शिलाहार राजा अपरादित्य याचा ११८७ सालचा शिलालेख परळ येथें सांपडला. त्याचा मजकूर संस्कृत असून शेवटचें शापवचन मराठींत आहे. म्हणजे मराठी भाषेच्या अभ्यासकास तो पूज्यच होय. परंतु तो शिलालेख आज परळांत नाहीं. उलट, १९३१ सालीं रस्ता करितांना जमिनींतून निघालेली भव्य शिवमूर्ति परळांतच बारादेवीच्या देवळांत आहे. एकाच शिवापासून वर व बाजूंस दुसरे शिव उगवावेत अशी ती रचना असून तज्ज्ञ ती सुमारें पांचव्या-सहाव्या शतकांतील मानितात. वस्तुसंग्रहालयांत तिची प्रतिकृति दिसते. मूळ मात्र पूजेंत आहे. पायीं हिंडणाऱ्यास म्हणूनच सांगावें लागतें कीं, 'येथें होतें', 'येथें आहे' व 'येथील म्हणून अन्यत्र आहे' हीं तीन वाक्यें निरनिराळीं आहेत. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळकांचा अंत्यविधि जेथें झाला, त्या चौपाटीवर या तिघांपैकीं पहिलें वाक्य पुरतें. पुतळा ही केवळ खूण. परळांत तसें चालत नाहीं.

या दोषांवर उपाय अवघड नाहीं. प्रत्येक थांब्यापुढें एक खूण घालावी : डोळ्यांनीं दिसणाऱ्या वस्तूस एक, लेखांत किंवा दफ्तरांत नमूद असलेल्या गोष्टीस दुसरी, आणि परंपरेनें ऐकिलेल्या कथेस तिसरी. कथा गाळूं नये. ती कथा म्हणून सांगावी. तसेंच पुस्तकाच्या आरंभीं तें केव्हां लिहिलें तें वर्ष द्यावें. कारण खोताच्या वाडींतील जुनीं घरें एकामागून एक पडत आहेत, व जें पान आज प्रत्यक्षाचें आहे, तें उद्यां शब्दाचें होईल. माडगांवकरांचें पुस्तक आज आपणांस उपयोगीं पडतें तें याच कारणानें : त्यांनीं १८६३ सालचें शहर १८६३ सालीं लिहून ठेविलें.

संशोधन मंडळांनीं हें काम हौशी मंडळींचें समजून दूर लोटूं नये. मंडळाच्या एखाद्या सभासदानें दर वर्षीं एक वाडी पायीं हिंडून, वरील तीन खुणांसह तिचें टिपण सादर केलें, तर दहा वर्षांत गिरगांवचा असा एक संग्रह तयार होईल कीं जो पुढील पिढीस घरें पडल्यावरही वाट दाखवील.